दासीच्या टाचेवरचं ऊन

त्या वर्षापासून राज्यातले सगळे गाईड एकाच जागी खोकू लागले. महत्त्वाचं काही सांगायच्या आधी, बारीकसं.

कारण सगळ्यांचं शिक्षण एकाच मेंदूतून आलं होतं. राज्यातल्या सर्वोत्तम गाईडला स्थळोस्थळी फिरवून त्याची माहिती, आवाज, हातवारे टिपले. त्या टिपणाला म्हणायचे 'साचा'. कानामागे वीस मिनिटं यंत्र लावलं, की साचा दुसऱ्याच्या डोक्यात उतरायचा. खोकलाही उतरला, त्याला इलाज नव्हता.

तांबडवाडीच्या लेण्यांत साचा न घेतलेली एकटी सुगंधा उरली.

"घे गं," तिथलाच गाईड भिकूदादा म्हणाला. "डोकं हलकं होतं. मला बायकोची कटकटसुद्धा आठवेना."

"साचा तर लेण्यांचा. ती लेण्यात कधी आली होती, दादा?"

"डबा घेऊन यायची म्हणे. बरीच वर्षं."

सुगंधा हसायची थांबली. ती थेट साचा देणाऱ्या केंद्रावर गेली.

तिथल्या डॉक्टर वसुधा केळुसकरांनी काही लपवलं नाही. "आठवणी जागेला टांगलेल्या असतात, ताई. लेणं म्हणजे खुंटी. नवा सदरा टांगायचा तर जुना उतरवावा लागतो."

"उतरवलेला ठेवता कुठं?"

"ठेवत नाही."

सुगंधाच्या खुंटीवर तिचे आबा होते. विजेच्या दिव्यानं भिंतीवरच्या चित्रांचे रंग उडतात, म्हणून लेण्यात आरशानंच ऊन पाडायचं. आबांनी तिला मनगट धरून शिकवलेलं. राणीकडं सगळेच बघतात, ऊन आधी खाली, डाव्या कोपऱ्यात न्यायचं. तिथं पाठमोरी दासी होती, भेगाळलेल्या टाचेची. "तुझी आई अशीच उभी राहायची," आबा म्हणायचे. बाळंतपणातच गेलेल्या आईचा सुगंधाकडं दुसरा फोटो नव्हता.

"नाही घेतला तर?"

"बिल्ला जाईल. तिकीट काढून आत जाता येईल, पण आरसा फक्त गाईडलाच मिळतो."

म्हणजे ओळखायचं, पण बघायचं नाही. किंवा रोज बघायचं, पण ओळखायचं नाही.

आठवडाभर तिनं विचार केला. मग आरशाच्या पाठीवर खिळ्यानं कोरलं, वर काजळ भरलं: 'खाली डावीकडं. टाच. आई.' आणि केंद्रावर गेली. आपण वाचू, आपल्याला कळेल, असं तिला वाटलं. कोरलेलं जात नाही, एवढंच तिला ठाऊक होतं.

महिन्याभरानं डॉक्टर स्वतः लेणी बघायला आल्या. सुगंधा छान बोलत होती. ती खोकली. "आणि आता बघा, राणी." आरसा फिरला, आणि ऊन सरळ खाली गेलं, डाव्या कोपऱ्यात, टाचेवर थांबलं.

"माफ करा," म्हणत तिनं ते वर ओढलं.

माणसं पांगल्यावर डॉक्टरांनी आरसा मागितला. पाठीवर अक्षरं दिसली, तसा तो उलटा करून तिच्यापुढं धरला.

"वाचा, ताई."

तिनं वाचलं. "अगंबाई! साहित्यावर लिखाण चालत नाही आपल्यात. कुणी खरडलं कोण जाणे." पदराचं टोक ओलं करून ती घासू लागली. काजळ निघालं, ओरखडे राहिले.

"मॅडम, बरं झालं आलात. माझा हात चुकतोय. रोज एकाच जागी जातो. दुरुस्त होईल?"

"राहू दे ना तो हात."

"असं कसं? सगळ्यांचं सारखं व्हायला पाहिजे." घासता घासता ती हसली. "होईल ना?"

डॉक्टर कोपऱ्याकडं बघत होत्या. तिथं आता अंधार होता.

"होईल," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम."