पहारेकऱ्याची बदली

तळघरातल्या चाचणी-खोलीत ती पहिल्यांदाच शिरली आणि टेबलाखालून बाहेर आलेल्या दोन पायांना अडखळली.

"अहो... पाय आहेत ते!"

"मला वाटलं, केबल आहे."

"इतका काही बारीक नाही मी." हातात खरोखरच केबल घेऊन तो बाहेर आला. केसांत जळमट, डोळ्यांत हसू— पण थकलेलं.

सगळे त्याला पहारेकरी म्हणत. मोजमापाच्या यंत्रांसमोर दिवसभर बसायचं, बटणं दाबायची, आकडे टिपायचे, हे त्याचं काम. खोलीला खिडकी नव्हती आणि यंत्रांसाठी ती कायम गार ठेवलेली. वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरनेच यंत्रांना हुकूम द्यावा, 'मोजून झालं का?' असं विचारावं आणि आकडे घ्यावेत, असा प्रोग्रॅम तिला लिहायचा होता.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय?"

ती ओशाळली.

"चेष्टा केली हो! उलट, सुटेन मी. घरी वडिलांची नजर गेलीये. ताई एकटी सगळं ओढतेय. यंत्रं आपली आपण चालली की साहेब गावाकडे बदली देणार आहेत."

मग ती रोज लॅपटॉप घेऊन जिने उतरू लागली. कामासाठीच... निदान सुरुवातीला तरी. ती कुडकुडली की तो मुकाट्याने आपला स्वेटर तिच्या खुर्चीवर टाकायचा.

प्रोग्रॅम मात्र हटून बसला. मोठं यंत्र मध्येच मुकं व्हायचं.

"रुसलंय," तो म्हणायचा.

"मग काढा की रुसवा. माणसांचा काढता येतो का?"

"कोणी रुसून तर दाखवा..."

ती उगाच की-बोर्डवरची धूळ पुसायची.

एका दुपारी तिला चूक सापडली. कॉम्प्युटर सारखा 'झालं का, झालं का' म्हणून यंत्राच्या मागे लागत होता. उत्तरं देता देता यंत्राचं मोजणंच अर्धवट राहत होतं. मोजून झालं की यंत्रानेच कळवावं, एवढाच बदल करायचा होता. तिचे हात थबकले. नाहीच सांगितलं तर? आणखी थोडे दिवस... कोणाला कळणार होतं?

पलीकडे तो फोनवर बहिणीशी बोलत होता. "बाबा पुन्हा पडले? फार लागलं का गं?"

तिने भराभर ओळी बदलल्या. यंत्र न कुरकुरता मोजत राहिलं.

"चाललं!" तो ओरडला. मग तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "चाललं की..."

"हो. आता तुम्हीही चला," ती म्हणाली.

तो निघाला त्या सकाळी दाट धुकं होतं. गाडीचं इंजिन सुरू झालं, तरी त्याचा पाय पायरीवर पडेना.

"थांब म्हणालीस तर थांबेन."

"म्हणूनच म्हणत नाही."

"आवडतेस तू मला."

"मलाही तू... जा. ताई वाट बघत असेल."

"येशील कधी? बाबा आवाजावरून माणूस ओळखतात."

"कोण म्हणून सांगू?"

"ते तूच ठरव..."

गाडी धुक्यात शिरली. ती परतून खाली गेली. यंत्रं आपापली मोजत होती. तिथे कोणी बसायची आता गरज नव्हती. ती त्याच्या खुर्चीत बसली— बराच वेळ.