पोपटाचा पोपट

टॅबवर छान पोपटी दिसणारा पोपट छापखान्यातून शेवाळी होऊन कसा बाहेर येतो, सांगा बरं! मलाही तेव्हा कळलं नव्हतं. नुसता संताप संताप झाला होता.

मी तन्मयी, सातवी ब. वाईतल्या आमच्या शाळेने डब्याएवढा उपग्रह बनवला होता. त्याच्या अंगावर माझ्या पोपटाचं चित्र लागणार होतं, दीडशे चित्रांतून निवडलेलं! उपग्रह न्यायला शाळेत जाणारी गाडी चार वाजता आधी छापखान्यात चित्र घ्यायला येणार होती. तीन वाजून गेले होते, आणि मी आबांच्या छापखान्यात नमुना हातात धरून रडकुंडीला आले होते. रंग मळकट, चोच धुरकट, शिवाय भोवती पांढरा चौकोन.

"झाला ना माझ्या पोपटाचा पोपट!" मी ओरडले.

"तो आधीपासून पोपटच आहे," छपाई करणारा रोबो शाईराम म्हणाला.

"अरे, फजिती झाली फजिती!"

आबा, म्हणजे माझे आजोबा, जन्मभर शाईचं रसायनशास्त्र शिकलेले. ते गालात हसले. "फाइल कुठून कुठून आली गं?"

"मी आत्याला पाठवली. तिने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकली. काकाने तिथून शाईरामला फॉरवर्ड केली."

"घ्या! म्हणजे सगळ्या नातेवाइकांकडे जेवून आली. वाटेत तिची जेपेग फाइल झाली. जागा वाचवायला जेपेग बारीक तपशील टाकून देते. दर वेळी पाठवताना ती आणखी दाबली गेली, आणखी तपशील गळाले. शिवाय तिला पारदर्शकता (मागचं आरपार दिसणं) ठाऊकच नाही. रिकामी जागा ती पांढरी भरते."

"मग माझी मूळ पीएनजी घ्या ना! तिच्यात काही गळत नाही, आरपारही दिसतं."

"चोच सुधारेल, चौकोन जाईल. रंगाचं काय?" आबांनी माझ्या टॅबवर भिंग धरलं. आत लाल, हिरवे, निळे ठिपके पेटलेले! "पडदा उजेडात उजेड मिसळतो. तिन्ही पूर्ण पेटले की पांढरं दिसतं. ही आरजीबी पद्धत (उजेडाचे रंग)."

"आणि कागद?"

"कागद पेटत नाही. त्याच्यावर पडलेला उजेड परत येतो, आणि शाई वाटेत त्यातला थोडा गिळते. पिवळी शाई निळा गिळते, आकाशी शाई लाल गिळते. मग उरलं काय?"

"हिरवा!" मी टुणकन उडालेच.

"शाब्बास! किरमिजी शाई हिरवा गिळते आणि चौथी काळी बहुतेक सगळंच. ही सीएमवायके पद्धत (शाईचे रंग). तुझा झगझगीत पोपटी या चौघींच्या आवाक्याबाहेरचा आहे."

माझं तोंड उतरलं. "म्हणजे होणारच नाही?"

"तस्साच नाही होणार. पण शाईला जमेल असा सुंदर पोपटी तूच शोध की."

मी मूळ चित्र उघडून पद्धत बदलली. हिरव्यात किरमिजी आणि काळी घुसली होती. दोघींना हाकललं. पिवळी भरपूर, आकाशी थोडी. पीएनजीला आरजीबीच कळतं, म्हणून फाइल टिफमध्ये ठेवली. तिला शाईची भाषा येते आणि ती एक ठिपकाही सांडत नाही. या वेळी ग्रुपवर नाही, थेट शाईरामला दिली!

चार वाजायला दहा मिनिटं होती. चित्र आलं. चोच टोकदार, चौकोन गायब. पण रंग... बरा होता, एवढंच.

"अंगणात ने," आबा म्हणाले.

मी टॅब आणि चित्र दोन्ही घेऊन उन्हात धावले. टॅबवरचा पोपट उन्हात पार फिकटला. आणि कागदावरचा? असा खुलला म्हणून सांगू!

"छापलेल्या रंगाकडे स्वतःचा दिवा नसतो," मागून आलेले आबा म्हणाले. "ऊन जितकं लख्ख, तितका तो उजळतो."

मी वर पाहिलं. तिथे अंतराळात ना ढग, ना धूळ. नुसतं ऊन! माझा पोपट तिथेच तर निघाला होता. मला इतका आनंद झाला की मी आबांना मिठीच मारली.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. शाईराम दोन्ही हात उंचावून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "पोपट झाला! तन्मयीचा पोपट झाला!"

त्याला म्हणायचं होतं, तयार झाला. मी त्याची चूक मुळीच सुधारली नाही.