कापसाच्या खोलीतली गाणी

रविवारी सकाळी राळेगावात सुनीतीबाईंच्या ओसरीसमोर चपलांचा ढीग पडला की शेजारपाजाऱ्यांना समजायचं, आज गाण्यांचा वार. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण पोरांशिवाय त्यांना करमायचं नाही, आणि बाईंच्या घरचे फुटाणे-मुरमुरे पोरांना सोडवायचे नाहीत. सतरंजी टाकायची, मोबाइल एका छोट्या स्पीकरला जोडायचा आणि आपल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींनी आठवडाभरात जी नवी गाणी काढली असतील ती ऐकायची, एवढाच कार्यक्रम.

अशी गाणी किती निघतात हे आधी बाईंनाही ठाऊक नव्हतं. मागं कुठली कंपनी नाही, जाहिरात नाही. कोणीतरी आपल्या घरात बसून गातो, मोबाइलवरून नेटवर चढवतो आणि कोणी ऐकेल म्हणून वाट पाहतो. वणीचा इंद्रजित कोळशाच्या ट्रकांच्या घरघरीवर ताल धरून भराभर बोलत गायचा. पुसदकडचा भावसिंग आजीची गोरबोलीतली, बंजाऱ्यांच्या भाषेतली गाणी गिटारवर म्हणायचा. बाई ही गाणी हुडकून काढत, गाणाऱ्याला दोन आपुलकीच्या ओळी लिहून पाठवत. मग तो हरखून पुढचं गाणं सगळ्यांच्या आधी बाईंना धाडायचा.

ऐकण्याची त्यांची एक रीत होती. पहिल्यांदा ऐकायचे शब्द, मग वाद्यं. त्यानंतर डोळे मिटायचे आणि गाण्याच्या मागं काय आहे ते शोधायचं. घरात गायलेल्या गाण्यात घर येतंच, असं बाई सांगत. पंखा येतो, शेळी येते, दूरवरून एसटीचा हॉर्न येतो. पोरं हा खेळ जीव लावून खेळायची.

"बाई, इंद्रजितदादाच्या गाण्यात कुकर वाजला!"

"वाजला ना. किती शिट्ट्या झाल्या? नाही, मोजू नका. भात करपला का ते सांगा."

सगळे हसायचे. खांबाला टेकून बसलेली खुशी तेवढी हसायची नाही.

आठ वर्षांची खुशी वर्षभरापूर्वी या ओसरीवरची सगळ्यात बडबडी पोर होती. दिवाळीनंतर, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, तिची आई प्रणिता तापानं गेली, आणि त्या दिवसापासून खुशीच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. डॉक्टरांनी गळा तपासला, कान तपासले. दोष काहीच नाही म्हणाले. तिचा बाप अक्षय बाईंचाच जुना विद्यार्थी. तो उन्हाळा लागल्यापासून म्हणत होता की जूनपर्यंत पोरगी बोलली नाही, तर तिला अमरावतीच्या मुक्या मुलांच्या वसतिगृहात ठेवणार.

"मुकी नाही रे ती," बाई म्हणायच्या.

"मले माहीत आहे बाई. पण घर खाले उठते. संध्याकाळी दोघं जेवाले बसतो अन् फक्त ताटांचा आवाज येते. आता माह्याच्यानं होत नाही."

बाईंनी मनाशी धरलं होतं, ही पोर इथून जाऊ द्यायची नाही.

त्या रविवारी पियुषचं गाणं आलं. पियुष त्याच गल्लीच्या टोकाला राहायचा, वडकीच्या रस्त्याकडे. वावरातून सांजेला घरी परतणाऱ्या पायवाटेचं ते साधंच गाणं होतं, संथ, झोपेत चालल्यासारखं. पोरांनी डोळे मिटले.

"बाई, याच्या मांगं तं काहीच नाही," सोनू म्हणाला. "विहिरीत बसून गायला का हा?"

"विहिरीत घुमलं असतं बे, अक्कलशून्या," सुरभी म्हणाली. ती सगळ्यांत तिखट कानाची. मग तिनं हात वर केला. "थांबा. कोणीतरी गुणगुणून राह्यलं बाई. लहान पोट्टी आहे."

बाईंनी स्पीकरजवळ कान नेला. खरंच होतं. पियुषच्या आवाजाच्या खाली, जरासा मागं राहून, एक बारीक आवाज चालला होता. बापाच्या पावलात पाऊल टाकायला जाणाऱ्या पोरासारखा तो मध्येच मागं पडायचा, मध्येच धावत येऊन गाठायचा.

बाईंनी मान वर केली. खांबाजवळ खुशीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण ओळ जिथं मागं पडायची तिथं ओठही थांबायचे, आणि ती धावली की तेही धावायचे. खुशीनं हे गाणं याआधी कधी ऐकलेलं नव्हतं.

दुपारी बाई पियुषकडे गेल्या. तो त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला. दार उघडलं तसा ऊबदार, किंचित तेलकट वास अंगावर आला. खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती. भाव चढेस्तोवर शेतकरी असाच घरात कापूस भरून ठेवतात, त्यात नवल नव्हतं. पण पियुषनं त्या ढिगात मधोमध माणूस बसेल एवढी पोकळी केली होती. तिथं एक पाट, एक माइक, वर लोंबणारा बल्ब.

"इथं बसून गातो?"

"हाव बाई. कापूस सगळा आवाज पिऊन घेते. बाहेर ट्रॅक्टर गेला तरी आत समजत नाही. अंगाले खाज सुटते, तेवढं सहन करावं लागते."

"आणि सोबत कोण गातं?"

"कोणी नाही." तो हसला. "कोण गाईन माह्यासंग? माय म्हणते, कायले बोंबलतं."

बाईंनी त्याला गाणं ऐकवलं, बोटानं ती जागा दाखवली. त्यानं हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. हसू हळूहळू उतरलं.

"गाताना नव्हता हा आवाज," तो म्हणाला. मग हेडफोन काढत, "हा कापूस आमचा नाही बाई. अक्षयदादाचा आहे. वैनी गेल्यावर त्याले तो घरात पाहवत नव्हता, म्हणून इथं आणून टाकला. तिनंच वेचलेला सगळा."

बाई पोकळीत उतरल्या आणि पाटावर बसल्या. चारी बाजूंनी पांढरं. त्यांचा स्वतःचा श्वासही ओठांपासून वीतभर जाऊन संपत होता. त्या शिक्षिका होत्या. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं, हे त्यांनी तीन पिढ्यांना शिकवलं होतं. शेजारच्या कुठल्या पोरीचा आवाज भिंतीतून आला असेल, त्यांनी ठरवलं. पण भिंत कुठंच दिसत नव्हती.

पियुषच्या पुढच्या गाण्यात शब्द आले.

ते गाण्याचे शब्द नव्हते. दोन कडव्यांच्या मध्ये, बासरी थांबते तिथं, बारीक आवाजानं विचारलं, "माय, हे बोंड घेऊ?" आणि खालच्या, दमलेल्या, लाडिक सुरात कोणी बाई म्हणाली, "कच्चं आहे वं ते. राहू दे."

ओसरीवर कोणी हललं नाही. सोनूच्या मुठीतले फुटाणे तसेच राहिले. ही दोन माणसं कोण ते सगळ्यांनाच कळलं होतं. शाळा सुटल्यावर आईमागं वावरात जाणारी, कपाशीच्या ओळींतून बडबडत फिरणारी खुशी सगळ्यांनी पाहिली होती.

खुशी उठली. स्पीकरजवळ गेली आणि दोन्ही हातांनी तो उचलून पोटाशी धरला.

संध्याकाळी बाईंनी अक्षयला बोलावून तेवढा तुकडा ऐकवला. तो उभ्या उभ्या ऐकत होता, मग पायरीवर बसला. पुन्हा लावा म्हणाला. पुन्हा. दिवेलागणीची वेळ झाली, अंगणातला उजेड निळा होत गेला, आणि प्रणिताचा आवाज सांगत राहिला, कच्चं आहे वं ते, राहू दे.

"परवा व्यापारी येणार होता माल न्याले," तो शेवटी म्हणाला. "काय करू बाई?"

बाईंनी खूप विचार केला. पोर एखाद्या शब्दावर अडली की तिला पुन्हा ओळीच्या सुरुवातीला न्यावं, ती आपोआप पुढं जाते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. खुशी जिथं अडली तिथंच तिला परत न्यायला हवं, असं त्यांना वाटलं.

"विकू नकोस," त्या म्हणाल्या. "कापूस घरी आण. खुशीला त्याच्याजवळ राहू दे. ती बोलेल."

दुसऱ्या दिवशी दोघातिघांनी मिळून कापूस ट्रॅक्टरवर चढवला आणि अक्षयच्या मधल्या खोलीत नेऊन भरला. गल्लीभर पांढरे पुंजके उडत होते. खुशी एकेक वेचत मागून चालली होती.

चारेक दिवसांनी अक्षय धावतच आला. पाय न धुता ओसरीवर चढला.

"बोलली बाई! खुशी बोलली! सकाळी चहा करून राह्यलो होतो तं आतून आवाज आला, बाबा, मले पण. दिवसभर थांबत नाही आता!" तो रडत होता, हसत होता. "अमरावतीले नाही पाठवत मी. कुठंच नाही पाठवत."

बाईंचेही डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बाजारात जाता-येता त्या मुद्दाम त्याच्या घरावरून जाऊ लागल्या. खिडकी लावलेली असायची, पण आतून खुशीची बडबड ऐकू यायची. कधी खळखळून हसणं. बाई रस्त्यात थांबून ऐकायच्या, आणि दिवस गोड व्हायचा.

फक्त खुशी रविवारी आली नाही. पुढच्याही रविवारी नाही.

"घरीच रमते," अक्षयनं निरोप पाठवला.

पियुषचं नवं गाणं आलं. त्यात तो एकटाच होता. पोरांनी पूर्ण ऐकलं आणि दुसरं लावा म्हणाली. पियुषनं रिकाम्या खोलीत गोधड्या टांगून ते गायलं होतं. "बाई, आवाज बराबर आहे," त्यानं लिहिलं होतं, "पण गाणं उपाशी वाटते."

एका संध्याकाळी बाईंनी मुरमुऱ्याचे लाडू बांधले आणि अक्षयकडे गेल्या.

खुशी बाहेर पायरीवर बसली होती. फ्रॉकला, केसांना कापसाचे तंतू चिकटलेले. पायातल्या चपलेनं ती धुळीत रेघ ओढत होती.

"काय गं बडबडे," बाई म्हणाल्या, "माझ्याशी नाही का बोलायचं?"

खुशीनं वर पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले.

आणि आतून, बंद दाराच्या आतून, खुशीचा आवाज आला. "बाबा, आज बाजारातून काय आणलं?"

त्यांनी खुशीचा चेहरा पाहिला. ती दाराकडे बघत नव्हती. तिला सवय झाली होती.

"पेरू आणले वं," आत अक्षय म्हणाला. "दोघी वाटून खा."

बाईंनी कडी वाजवली. दार थोडंसं उघडलं. फटीतून तो ऊबदार, तेलकट वास आला. अक्षयचा चेहरा भरलेला, शांत दिसत होता. झोप पुरी झालेल्या माणसासारखा.

"ऐकलं ना बाई? म्हटलं होतं नं तुम्ही, बोलीन म्हणून."

"अक्षय," बाई म्हणाल्या. "खुशी इथं आहे. बाहेर. माझ्याजवळ."

त्यानं पायरीकडे पाहिलं. शेजाऱ्यांच्या पोराकडे पाहावं तसं, ओझरतं.

"हाव," तो म्हणाला. "बसू द्या तिले. तिले बाहेरच आवडते."

"आत कोण आहे, अक्षय? तू पाहिलंस?"

"पाहत नाही मी, बाई." त्यानं हे अगदी हळू, समजावणीच्या सुरात सांगितलं. "लाइट लावतच नाही त्या खोलीत. ऐकतो फक्त. तेवढं पुरते."

दार लागलं.

बाई खुशीजवळ पायरीवर बसल्या. तिचा हात त्यांनी हातात घेतला. रस्त्यानं एक सायकल गेली. मग गल्ली निवांत झाली. उजेड उतरत होता.

आत ताटं मांडल्याचा आवाज आला. एक. दुसरं. तिसरं.

मग त्या खालच्या, दमलेल्या, लाडिक सुरातली हाक आली, "खुशे, जेवाले ये वं."

खुशी ताडकन उठली. तिनं बाईंच्या हातातून हात सोडवला, एका पायातली चप्पल काढली आणि दाराकडे वळली.

"आली वं माय," आतून उत्तर गेलं.

खुशी थांबली. मग तिनं चप्पल पुन्हा पायात घातली, आणि येऊन पायरीवर बसली.