शेवट न बघणारं घर

नाताळच्या सुट्टीला एकच दिवस उरलेला, आणि वाचनालयातलं लढाईच्या सिनेमांचं कपाट रिकामं!

"एकसुद्धा नाही?" तिनं ग्रंथपालबाईंना विचारलं. "अहो, बर्फातल्या चौकीचा, बोगद्याचा, वायरलेसवाल्याचा... सगळेच्या सगळे गेले?"

"सगळे एकाच माणसानं नेले," बाई शिक्के मारता मारता म्हणाल्या.

"कोण हा महाभाग?"

"तुमच्या मागे उभा आहे."

ती गर्रकन वळली. बाहेर हिवाळ्यातला चिकट भुरभुर पाऊस चालू होता आणि मागे उभा असलेला तरुण त्यात छान भिजून आला होता. कोटाच्या आत, पोटाशी, सिनेमांची पिशवी मात्र कोरडीठाक. चेहऱ्यावर चोरी पकडली गेलेल्या माणसाचं हसू.

"महाभाग मीच," तो म्हणाला. "छत्री विसरलो म्हणून परत आलो. बरं झालं विसरलो..."

"एवढे सिनेमे एकटेच बघणार?"

"सुट्टी मोठी आहे. मामेबहिणीच्या खोलीवर उतरलोय, तीही गावाला गेलेली. आणि मला ना, निवडता येत नाही."

"माझ्या बाबांना सुट्टीत हेच लागतात. दुसरं काही चालत नाही."

"मग वाटून घेऊ," तो पटकन म्हणाला. "रोज अदलाबदल. तुम्ही बघितलेला मला, मी बघितलेला तुम्हाला."

"रोज?"

"रोज..." म्हणता म्हणता तो कानापर्यंत लाल झाला.

ग्रंथपालबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. हे नियमात बसत नाही, पण मी काही ऐकलेलं नाही, असं त्या कपाटाकडे तोंड करून म्हणाल्या.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, नाकावरचा ताण बघायचा, आणि मालक जेवायला गेले की गिऱ्हाइकाला भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची. हा रोज नेमका मालकांच्या जेवणाच्या वेळी उगवायचा. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पुष्कळ असतात, पण हा तर भांडं घेऊनच येत होता आणि वर विचारत होता, ताक आहे का?

"डोळे तपासायचेत," तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो खुर्चीत बसत म्हणाला.

"खालची ओळ वाचा."

"दिसत नाही."

"काल रस्त्याच्या पलीकडून बसची पाटी वाचलीत."

"बसची पाटी वाचताना समोर कोणी उभं नव्हतं ना," तो म्हणाला.

तिनं चाचणीची जाड फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली. कानामागे काडी बसवताना बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली... तिला कळलं, त्यालाही कळलं, आणि दोघांनीही तक्त्याकडे बघितलं.

"कालचा कसा वाटला?" ती घाईघाईनं म्हणाली.

"भूक लागली बघून. तुमच्या लक्षात आलंय का? या सिनेमांत कोणी जेवतच नाही. आख्खी पलटण दोन तास लढते, आणि एक माणूस ताट घेऊन बसलेला दिसत नाही. कांदा कोण चिरतं, चूल कोण पेटवतं, काही पत्ता नाही."

"तुम्हाला बरी त्यांच्या जेवणाची काळजी!"

"आचारी आहे मी. मोठी खाणावळ आहे... खूप लांब."

तेव्हापासून तो तिचा आचारीबुवा झाला आणि ती त्याची चष्मेवाली. तुम्हीवरून तू कधी आलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. सुट्टीतले दिवस पाखरासारखे उडत होते आणि ती आरशात बघून विनाकारण हसायला शिकली होती. घरात कित्येक वर्षांत तिला असं हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं.

मग एक दिवस दुकानाच्या पायरीवर त्यानं सहज विचारलं, "बोगद्याचा शेवट पटला का तुला? मला तरी नाही पटला."

"शेवट माहीत नाही."

"पाहिलास ना काल?"

"आमच्या घरी शेवट बघत नाहीत," ती म्हणाली. मग, त्याच्याकडे न बघता, बोलत राहिली. "दादा आणि बाबा सुट्टीत हे सिनेमे बघायचे. दादाची शाळा बंद, बाबांना छापखान्यातून रजा. दोघं एका रजईत. मी लहान, मला भीती वाटायची म्हणून मी पायाशी. आई मला आठवतच नाही, त्यामुळे घर म्हणजे ती रजई. मोठा झाल्यावर दादा सैन्यात गेला... आणि आलाच नाही. पुढच्या सुट्टीत बाबांनी तेच सिनेमे आणायला लावले. पण शेवटची लढाई सुरू व्हायच्या आधी उठतात आणि बंद करतात. म्हणतात, 'इथपर्यंत सगळी पोरं जिवंत आहेत. बास.'"

त्यानं हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"मला आधीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "माझी खाणावळ... ती सैन्याची आहे. बंदूक कमी, झारा जास्त. पण आहे तिकडचाच. सुट्टी संपली की पुढच्या चौक्यांवर जायचंय."

जगात इतकी माणसं, इतके धंदे. शिंपी होते, पोस्टमन होते, बँकेत काउंटरमागे बसणारे होते. आणि हिचा जीव जडला तो नेमका तिकडच्या माणसावर!

"मग आपणही इथेच थांबू," ती उठत म्हणाली.

"अगं, पण..."

"अजून काही झालेलं नाही. दोघं धडधाकट आहोत. पुढे गेलो तर मला नाही झेपायचं. बाबांना तर मुळीच नाही."

"माझं ऐकून तरी घे."

"नको ना..." ती म्हणाली, आणि दुकानात जाऊन काच घासत बसली. ती काच इतकी घासली की मालकांना ती टाकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आपणच नको म्हटलं, त्यानं ऐकलं, यात रागवायचं काय? पण दार वाजलं की मान वळायची आणि गिऱ्हाईक बघून चेहरा पडायचा. त्याची निघायची तारीख तिला पाठ होती. उद्याच.

संध्याकाळी ती घरी निघाली. भुरभुर होतीच. जिना चढताना वरून गोळीबार ऐकू आला. बाबांचा सिनेमा चालू होता, त्यात नवल नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर मात्र तिचे पाय थबकले. कोणीतरी कुणाला हाका मारत होतं, आणि ती हाक तिनं कधीच ऐकली नव्हती. बर्फातल्या चौकीचा सिनेमा तिला तोंडपाठ होता. हा भाग तिच्या ओळखीचा नव्हता.

ती उरलेला जिना धावत चढली.

बाबा नेहमीच्या जागी, रजई गुडघ्यांवर. शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेला, कोटासकट, आचारीबुवा.

"वाचनालयातून पत्ता घेऊन तुझ्याकडे राहिलेला सिनेमा न्यायला आला होता," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "उद्या निघायचंय म्हणाला, परत करायचे आहेत. कुठे निघालास विचारलं तर खोटं नाही बोलला, सैन्यात आचारी आहे म्हणाला. मी म्हटलं, बस. तू शेजारी असलास तर आज पुढचं बघीन."

"बाबा, नको..."

"बस गं तूही."

ती त्यांच्या पायाशी बसली. पडद्यावर बर्फ पडत होतं. चौकीतला सगळ्यात लहान पोरगा, तो माउथ ऑर्गन वाजवणारा, ज्याला ती इतकी वर्षं जिवंतच ओळखत होती, बर्फात पडला आणि उठला नाही. बाकीचे पुढे गेले. मग नावं आली, संगीत आलं, आणि पडदा काळा झाला.

बाबांनी रजईची कड मुठीत घट्ट धरली. तिला वाटलं, आता हे कोसळणार, आणि आपल्याच्यानं आवरणार नाही.

बाबांनी मान वळवली ती आचाऱ्याकडे.

"एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"माझा मुलगा पुढच्या चौकीवर होता. हल्ला पहाटे झाला, असं सांगितलं आम्हाला. बाकी सगळं सांगितलं. साहेब आले होते घरी, चांगलं बोलले. पण मला जे विचारायचं होतं ते साहेबांना विचारायची लाज वाटली." बाबा थांबले. "आदल्या दिवशी... त्याला जेवायला मिळालं असेल का रे?"

तिनं तोंडावर हात दाबला. इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता, आणि तिला वाटत होतं की याला फक्त शेवटाची भीती आहे.

आचाऱ्याला सहज सांगता आलं असतं, हो, पोटभर, गरमागरम. तो खुर्चीवरून उतरून जमिनीवर, बाबांच्या समोर बसला.

"गरम नसणार, काका," तो हळू म्हणाला. "इतक्या वर गरम काही पोचत नाही. डबे कांबळ्यात गुंडाळतो, तरी निवतात. पण जेवण पोचलं असणार. ते पोचवल्याशिवाय आमच्यातलं कोणी आधी जेवत नाही. वाट बंद असली तर पाठीवर नेतो. मी स्वतः नेलेत. आणि वर पोचलं ना, की पोरं खूप हसतात. जेवणाला नावं ठेवतात, आम्हाला शिव्या घालतात, आणि सगळं संपवतात."

"शिव्या तर तो घालणारच," बाबा म्हणाले. "मीठ कमी असलं की घर डोक्यावर घ्यायचा."

आणि ते हसले. हसता हसता त्यांचा बांध फुटला. मुलगा गेला तेव्हा न रडलेला तो म्हातारा एका परक्या पोराच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आणि तो परका पोरगा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

बऱ्याच वेळानं ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली. वरचा दिवा गेलेला, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. तेच बरं होतं.

"खोटं का नाही सांगितलंस त्यांना?"

"खोटं लगेच कळतं. मन न लावता केलेलं जेवण कसं पहिल्या घासाला कळतं, तसं."

"मी तुला थांबू म्हटलं होतं..."

"म्हणून थांबलो होतो. दुकानात नाही आलो. पलीकडच्या बसथांब्यावर उभा राहायचो."

"दोन्ही दिवस?"

"बसेस खूप उशिरा येतात तिथे," तो म्हणाला.

तिला हसू आलं आणि रडूही. तिनं त्याच्या कोटाची बाही धरली, मग बाहीच्या आतला हात. तो हात खरखरीत होता, कढयांनी भाजलेला, आणि ऊबदार.

"मला खूप भीती वाटते," ती म्हणाली. "रोज वाटणार. पण तू मला हवा आहेस. आत्ता सांगितलं नाही तर जन्मभर सांगायचं राहील."

त्यानं तिचा हात उचलून स्वतःच्या गालावर धरला, आणि गाल ओला होता.

सकाळी स्टेशनवर ती एकटीच गेली. त्याच्यासारखे कितीतरी होते, पाठीवर पिशव्या, भोवती माणसं. कुणी कुणाला परत कधी येणार असं विचारत नव्हतं. तिनंही नाही विचारलं. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून काहीतरी ओरडला. चाकांच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही, तरी ती जोरजोरात मान हलवत राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावरही हलवत राहिली.

ती घरी आली तेव्हा बाबा दाराशीच उभे होते.

"गेला?"

"गेला."

"तुझा दादा सैन्यात गेला तेव्हा मी तुला वाट बघू दिली नाही," बाबा म्हणाले. "लहान आहेस म्हणून. नाव काढू दिलं नाही. एकट्यानंच बघत बसलो, वेड लागायची पाळी आली. या वेळी तसं नको करू या."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते रात्रभर जागे होते, हे डोळ्यांवरून कळत होतं.

"या वेळी दोघं मिळून वाट बघू," ते म्हणाले, आणि तिला आत घेतलं.