टीम शिकली की तो जाणार

जर्दाळूच्या फुलांवर ओला बर्फ भुरभुरत होता, आणि तंदुरात एकच सामसा, मांस भरून भाजलेला समोसा, उरला होता.

बेर्मेतने हात पुढे केला, तर शेजारून आणखी एक हात आला. लांब बोटांचा, थंडीने लालसर झालेला. सामसेवाली कंटाळून म्हणाली, कुणाला देऊ ते तुमचं तुम्ही ठरवा, माझी बोटं भाजतायत.

"ज्याची गरज मोठी, त्याला आधी," बेर्मेत म्हणाली. "मी सकाळपासून उपाशी आहे."

"आणि गरज कुणाची मोठी, हे ठरवणार कोण?"

"मीच. रोजचं काम आहे माझं."

तो हसला. एकाच गालाला खळी... हे तिने बघितलं, आणि बघितलं हे त्यानेही बघितलं. तिने पहिला घास घेतला तसा गरम रस हनुवटीवरून थेट बाहीत उतरला. त्याने रुमाल पुढे केला. भरल्या तोंडाने काहीतरी आभारासारखं पुटपुटून तिने ऑफिसकडे पळ काढला.

तासाभराने तोच माणूस ऑफिसच्या दारात उभा. नाव तिलेक. टीमचा नवा स्क्रम मास्टर. टोपीवरचा बर्फ झटकत त्याने सगळ्यांशी हात मिळवला आणि बेर्मेतपाशी येऊन क्षणभर थांबला. "म्हणजे खरंच रोजचं काम आहे तर," हळूच म्हणाला. बेर्मेतच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

काम होतं हे खरंच. ही टीम बिश्केकच्या शिवणघरांसाठी ॲप बनवत होती. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी त्यावर कपड्यांची मागणी नोंदवायची, शिवणघरांनी ती पुरी करायची. बेर्मेत त्याची प्रॉडक्ट ओनर. लोकांना काय हवं, त्यातलं आधी काय आणि मागाहून काय, हे ठरवणं तिच्याकडे. ते करायचं कसं, आणि एका खेपेला पेलेल किती, हे टीमकडे. आणि तिलेक? त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की तो कुणाचा साहेब नाही. टीमच्या वाटेतले काटे काढायचे, कामाला वळण लावायचं, आणि टीम आपल्या पायांवर उभी राहिली की पुढच्या टीमकडे निघायचं. पुढची टीम डोंगरांपलीकडे, ओशला वाट बघत होती.

"म्हणजे सुईणच की," गुलजात एजे म्हणाली. सगळ्यांच्या कामातल्या चुका हुडकणारी, आणि सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली ताई. "मूल रडलं की हिचं काम संपलं."

सगळे हसले. बेर्मेतही हसली. तेव्हा तिला हसू येत होतं.

रोज सकाळी फळ्यापुढे पंधरा मिनिटं उभ्याने बोलायचं, हा नवा नेम झाला. उभ्याने, म्हणजे कुणी पाल्हाळ लावत नाही. रिस्कुल बाइके, म्हणजे रिस्कुलदादा, टीममधले सगळ्यात जुने प्रोग्रामर, गुडघे चोळत कुरकुरले, की आमच्या वेळी बैठका बसून होत. सुरुवातीला जो तो तिलेककडे बघत हजेरी दिल्यासारखा बोलायचा. म्हणून तिलेक कुणाकडे बघेनासाच झाला. खिडकीबाहेर, दूरच्या पांढऱ्या शिखरांकडे तोंड करून उभा राही. मग नाइलाजाने लोक एकमेकांकडे बघून बोलू लागले.

युक्ती चांगली होती, पण बेर्मेतचा जीव त्यात जाई. दिवसातली ती पंधरा मिनिटं तो हाताच्या अंतरावर असायचा, आणि न बघणं हेच त्याचं काम असायचं. तिला त्याचा कान पाठ झाला. मानेवरचे आखूड केस पाठ झाले. कॉलरची जराशी उसवलेली शिवणही. शिवणकाम करणाऱ्या आईची लेक ती... ती शिवण दिसली की तिची बोटं शिवशिवत.

बुधवारची दुपार मात्र तिची एकटीची असे. बॅकलॉग नीट लावायला तो तिच्या टेबलापाशी बसायचा. बॅकलॉग म्हणजे पुढे करायच्या कामांची यादी, आणि बेर्मेतची यादी म्हणजे नुसता ढीग होता. कधीकाळी कुणी काही मागितलं, की तिने ते त्यात कोंबलेलं.

"तुमच्या घरी रजयांची चळत अशीच असते का?" त्याने विचारलं. "दाराशी पाहुणा, आणि वरची रजई उसवलेली?"

"आमच्या घरच्या चळतीला नावं ठेवायची नाहीत."

"मग वरच्या चार नीट घडी करा, हात घालताच देता येतील अशा. तळाच्या कशाही असू देत." त्याने यादीच्या तळाकडे बोट नेलं. "हे इतकं जुनं कशाला ठेवलंय?"

"टाकवत नाही."

"जे टाकवत नाही, ते कधीतरी वर आणून बघावं," तो यादीकडेच बघत म्हणाला. यादीबद्दल म्हणाला की आणखी कशाबद्दल, ह्यावर तिने ती रात्र काढली.

चहा ती ओतायची. त्यांच्याकडची रीतच अशी, की वाटी काठोकाठ भरली तर पाहुण्याने उठावं, आणि घोटभर ओतली तर बसावं. बेर्मेत घोटभरच ओतायची. तो पुन्हा वाटी पुढे करायचा. ह्याविषयी दोघांपैकी कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

उन्हाळा लागला आणि टीम बदलली. रिस्कुल बाइके स्वतःहून गुलजात एजेला विचारू लागले, की ह्यात कुठे गळतंय बघ जरा. एका सकाळी तिलेकला उशीर झाला. तो धावत पोचला तेव्हा बैठक आटोपून सगळे कामालाही लागले होते. तो दारात उभा राहून बघत राहिला. पोराने पहिलं पाऊल टाकावं तसा चेहरा. बेर्मेतने मात्र भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पुढच्या स्प्रिंटचं, म्हणजे दोन आठवड्यांच्या खेपेचं, उद्दिष्ट टीमने आपलं आपण गाठलं, की तो ओशला निघायचा होता.

आणि मग तिने ते केलं.

स्प्रिंट ठरवायच्या बैठकीत ती एकामागून एक कामं टीमच्या गळ्यात घालत गेली. सप्टेंबरात शाळा उघडतात, गणवेशांचा हंगाम आहे, हे तर हवंच, आणि तेही हवंच. एजे म्हणाली, एवढं व्हायचं नाही. तिलेकने आठवण करून दिली, की किती घ्यायचं ते टीम ठरवते. पण बेर्मेतचा आवाज कापत होता, आणि टीमचा तिच्यावर जीव होता. घेतलं त्यांनी. तिलेक पहिल्यांदाच खिडकी सोडून तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला ती नजर झेलवेना.

टीम पाठ मोडेस्तोवर राबली. एजेची मुलं मावशीबरोबर इस्सिक-कुल तळ्यावर गेली, एजे ऑफिसात राहिली. काम दाखवायच्या दिवशी सोनुनबुबू नावाच्या शिवणघराच्या मालकीणबाई आल्या, ॲप अर्ध्यातच अडकलं, आणि त्या बिचाऱ्या "राहू दे, पुन्हा येईन" म्हणून निघून गेल्या. तिलेकचं जाणं लांबलं. हवं ते बेर्मेतच्या पदरात पडलं खरं, पण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी मागे वळून बघायची बैठक. कुणाला दोष द्यायचा नाही, काय चुकलं तेवढं बोलायचं. रिस्कुल बाइके म्हणाले, आपलंच चुकलं, मी थोरला, मी नाही म्हणायला हवं होतं. एजे म्हणाली, मीही गप्प बसले. आपली चूक ही माणसं आपापल्या खांद्यावर घेतायत, हे बेर्मेतला सोसेना.

"मी मुद्दाम केलं," ती म्हणाली. "काम झालं असतं तर तिलेक गेले असते."

मग एजेने चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, काहीतरी नवीन सांगशील."

बाइकेंना खोकला आला. तिलेक उठला. बाकीचं दोघं बाहेर बोलतो, असं म्हणून दाराकडे गेला.

अंगणाच्या कडेने पाटातून डोंगराचं पाणी खळाळत होतं. वर पॉपलरची पानं थरथरत होती.

"तुम्ही रागावलात," ती म्हणाली.

"हो. एजेच्या मुलांनी यंदा आईशिवाय तळं पाहिलं." तो थांबला. "आणि स्वतःवरही रागावलोय. जाणं लांबलं त्या संध्याकाळी मी शीळ घालत घरी गेलो. तुला काय वाटलं, बेर्मेत — मी तो कडू चहा चहासाठी प्यायचो?"

पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला होता तो. तिला एकदम रडू आलं.

"मग राहा ना..."

"राहिलो तर ह्यांना कायम पांगळं ठेवावं लागेल. रोज सकाळी स्वतःची लाज वाटेल. अशा माणसाबरोबर तू तरी किती दिवस राहशील?"

"तुला जाता येईल असं मी करते," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "ते माझंच काम आहे."

पुढच्या स्प्रिंटला तिने आधी टीमला विचारलं, की पेलेल किती. उद्दिष्ट एकच ठेवलं आणि त्याच्या आड येणारं सगळं खाली सरकवलं. रोज फळ्यावरचं एकेक काम पुरं व्हायचं, आणि आपण आपल्याच हाताने त्याची बॅग भरतोय असं तिला वाटायचं. सोनुनबुबू पुन्हा आल्या. फोनवर बोट टेकवलं, मागणी नोंदली, कापड किती लागेल तेही दिसलं. "हं," म्हणाल्या, "चाललं की." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बेर्मेतच्या टाळ्या सगळ्यात शेवटी थांबल्या.

टॅक्सीच्या खिडकीतून त्याने तिची बोटं धरली, गाडी सुटेपर्यंत धरून ठेवली.

मग रिकामे बुधवार. फोन यायचा रोज, पण फोनवरच्या आवाजाला ना खांदा असतो, ना मान. ओशची टीम हट्टी आहे, तो सांगायचा, बसूनच बोलते. ती हसायची, आणि फोन ठेवला की चहाची वाटी दोन्ही हातांत धरून नुसतीच बसायची.

सप्टेंबर संपत आला. सकाळची बैठक आता आळीपाळीने कुणीही चालवे. त्या दिवशी रिस्कुल बाइकेंची पाळी होती. काल काय केलं, आज काय करणार, असं विचारत ते बेर्मेतपाशी आले.

"आणि वाटेत काही अडचण?"

रोजच्यासारखं 'नाही' म्हणायला तिने तोंड उघडलं. "आहे," म्हणाली. "दोन घाट."

बाइके एजेकडे बघू लागले, एजे बाइकेंकडे. आता अडचणी दूर करायला दुसरं कुणी नव्हतं, त्यांचं त्यांनाच बघायचं होतं. एजे म्हणाली, शुक्रवारची व्यापाऱ्यांची भेट मी घेते, सोमवारचंही बघू. बाइके म्हणाले, माझा मेहुणा ओशच्या वाटेवर गाडी चालवतो, पुढची जागा धरायला सांगतो. तुझ्या त्या चपला घाटात चालायच्या नाहीत, बूट घालून ये. आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळले, कारण पंधरा मिनिटं संपत आली होती.

शुक्रवारी दुपारी, दोन घाटांमधल्या सुसामिरच्या पठारावर गाडी थांबली. मागच्या घाटात बर्फ लागला होता, इथे पाऊस होता, बारीक, आडवा. तंबूतली बाई किमिझ, घोडीचं आंबवलेलं दूध, ओतत होती. बेर्मेतने भिजत्या बोटांनी फोन लावला.

"बैठकीत आहे," तो कुजबुजला. "मागाहून बोलू?"

"बोल की मागाहून. मला घाई नाही."

त्याला पाऊस ऐकू गेला असावा. वारा, लांबवर घोड्याचं खिंकाळणं. पलीकडे खुर्ची सरकली. मग दार लागल्याचा आवाज.

"बेर्मेत... कुठे आहेस तू?"

तिने समोर बघितलं. ढगांत शिरणारा रस्ता, त्यावर चढणारे ट्रक.

"एक घाट राहिलाय," ती म्हणाली.