काचेवरचा अंगठा

प्रिंटर चालू झाला म्हणता? देव पावला. बसा आता जरा, मास्तरांनी चहा टाकलाय. मास्तर म्हणजे आमचे यजमान. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, आता स्वयंपाकघराचा भूगोल शिकताहेत. त्यांना साखरेचा डबा सापडेपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात सांगून टाकते.

मघाशी तुम्ही म्हणालात, "मॅडम, स्क्रीनवर डाग पडलाय, कंपनीकडून बदलून आणू का?" आपुलकीनं विचारलंत, पण त्याला हात लावायचा नाही. कंपनीनं स्क्रीन एकदा बदलून दिलाय. डाग काही कंपनीला दाद देत नाही. तो टेबलावरचा दिवा जरा जवळ ओढा. मी छातीचे एक्स-रे वाचते, त्यामुळे या खोलीत भर दुपारीसुद्धा पडदे ओढलेले असतात. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, हे मला मास्तरांकडून कळतं.

हॉस्पिटलातून निवृत्त झाले तेव्हा मास्तरांनी हे नवं कोरं यंत्र घेऊन दिलं. लहान लहान दवाखाने फोटो पाठवतात, मी घरबसल्या वाचून रिपोर्ट धाडते. सुरुवातीचे दिवस सुखात गेले. मग एका दुपारी एका फोटोवर करडा डाग दिसला. लांबट गोल, अंगठ्याएवढा. मी आधी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसला. डाग गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाच्या फोटोवर, दुसऱ्याच जागी, पुन्हा तोच.

तुमच्या आधी इथे एक जण यायचा. मूळचा आमच्याच गल्लीतला, हसरा, कशालाही नाही म्हणायचा नाही. काहीही बिघडलं तरी "होऊन जाईल" म्हणायचा, म्हणून मास्तरांनी त्याचं नावच 'होऊन-जाईल' ठेवलं होतं. त्यानं वायर बदलली. मग आतलं कार्ड बदललं. मग अख्खा स्क्रीन दुकानात नेऊन दिवसभर चालू ठेवला. तिथे एक ठिपका दिसेल तर शपथ. इथे आणून जोडला आणि संध्याकाळच्या आत डाग हजर.

"मॅडम," तो म्हणाला, "दुकानात हा अगदी गुणाचा असतो. तुमच्याकडे आला की बिघडतो. माझा पोरगाही आजोळी गेला की असाच करतो."

मी हसले. पण तो गेल्यावर एकटीच बसले असताना मला वास आला. आंबूस, नाकात चढणारा. हा वास तुम्हाला नाही कळायचा. पूर्वी एक्स-रे अंधाऱ्या खोलीत, रसायनाच्या टाक्यांत बुडवून धुवायचे. त्यातल्या एका पाण्याला आम्ही हायपो म्हणायचो, त्याचा हा वास. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तो माझ्या केसांत, साडीत, डब्यातल्या जेवणात सुद्धा असायचा. पण आता टाक्याही गेल्या आणि फिल्मही गेल्या. या घरात तर तो कधी शिरलाच नव्हता. मी उठून मोरी पाहिली, गॅस पाहिला, मास्तरांचे मोजेही पाहिले. वास फक्त या टेबलापाशी होता.

आणि मग मी पहिल्यांदा डागाकडे नीट पाहिलं. त्याच्या मधून एक बारीक तिरकी रेघ गेलेली होती.

मला शिकवलं ते बाईंनी. आमच्या विभागाच्या प्रमुख. सगळं हॉस्पिटल त्यांना बाईच म्हणायचं. बोलणं असं नाहीच. फिल्म वाळेपर्यंत दम धरणं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ओली फिल्म टपटपत असताना ती दिव्यासमोर धरायच्या, आम्ही सगळ्या मागे उभ्या. आमच्यातली कुणी "नॉर्मल आहे" म्हणाली आणि ते चुकलेलं असलं, तर बाई रागवायच्या नाहीत. पुढे व्हायच्या आणि जिथे बघायचं राहिलं असेल तिथे ओल्या फिल्मवर अंगठा दाबून निघून जायच्या. फिल्मला हात लावणं म्हणजे आमच्या धंद्यात पाप. ठसा पडला की फिल्म खराब होते. म्हणून एकदा मी घाईघाईनं तो ठसा रुमालानं टिपायला गेले. बाई दारातून परत आल्या. माझ्या मनगटावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "पुसायचं नाही. आधी बघायचं."

त्यांच्या अंगठ्यावर जुन्या कापल्याची खूण होती. तरुणपणी फिल्मच्या धारदार कोपऱ्यानं कापलं होतं, टाका वेडावाकडा बसला होता. म्हणून त्यांच्या ठशात ती तिरकी रेघ यायची. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तुम्ही हसत नाही आहात, बरं आहे. मी स्वतः हसले होते. म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. जुना वास, जुनी आठवण, म्हातारपणी होतात असे खेळ. दुसऱ्या दिवसापासून डाग दिसला की मुकाट्यानं पुसायचा आणि कामाला लागायचं, असं ठरवलं.

त्याच सुमारास मास्तरांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. त्याआधी छातीचा फोटो काढतात, नेहमीचाच प्रकार. तिथल्या डॉक्टरनं 'नॉर्मल' लिहूनही दिलं. आपल्या माणसाचा फोटो आपण वाचू नये असा आमच्यात संकेत आहे. आपल्याला जे दिसायला नको असतं ते डोळा दाखवत नाही. पण मला राहवेना. सहज म्हणून इथे लावला.

हृदयाच्या सावलीवर, डावीकडे, अंगठा होता.

मी पुसला. गेला नाही. ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्यानं पुसला, शेवटी पदरानं घासला. बाकीच्यांच्या फोटोवरून एका हाताच्या फिरकीत जाणारा डाग मास्तरांच्या छातीवरून हलेना. मला असा संताप आला म्हणून सांगू. मी 'होऊन-जाईल'ला फोन लावला आणि म्हटलं, हे भंगार आत्ताच्या आत्ता बदलून आण.

बिचारा नवा स्क्रीन घेऊन धावत आला. त्यानं तो खोक्यातून काढून इथे मांडला, वायरी लावल्या. अजून चालू केला नव्हता. तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसला होता. बसल्या बसल्या थांबला, पुढे वाकला, आणि बाहीनं काचेवरून काहीतरी पुसलं.

"नवा कोरा आहे," तो हसत म्हणाला, "तरी कुणीतरी अंगठा उमटवून ठेवलाय. गेला बघा."

मी बाजूला उभी होते, मला काही दिसलं नाही. खोक्यात भरताना कुणाचा हात लागला असेल, असं धरून चालले. मला घाई मास्तरांचा फोटो बघण्याची. त्यानं बटण दाबलं, मी फोटो उघडला. नवी काच, नवी वायर, आणि अंगठा जिथल्या तिथे.

'होऊन-जाईल'नं हात टेकले. "आता मात्र नाही होणार," म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. त्यानं पुन्हा पुसायला बाही पुढे केली आणि मी त्याचं मनगट धरलं. का धरलं, ते मला सांगता येणार नाही. माझा हात माझ्या आधी पुढे गेला होता. खोलीत हायपोचा इतका वास होता की डोळ्यांत पाणी आलं.

डाग काचेवरचा की छातीतला, हे ओळखायची आमची एक साधी रीत आहे. चित्र सरकवायचं. डाग जागीच राहिला तर तो काचेचा, चित्राबरोबर सरकला तर तो माणसाचा. इतके दिवस ही एवढी गोष्ट मी केली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी मास्तरांचा फोटो हळूच उजवीकडे ओढला.

डाग त्यांच्याबरोबर गेला.

मग मी फोटो वाचला. आपल्या माणसाचा म्हणून नाही, बाई मागे उभ्या आहेत असं समजून वाचला. उजेड वाढवला, हृदयाच्या सावलीच्या आत शिरले. आणि अंगठ्याच्या बरोबर खाली, वाटाण्याएवढी एक गोल गाठ होती. सावलीत दडून बसलेली. मी ती पाहिली, अगदी पुरती पाहिली, आणि त्यानंतर डाग आपोआप विरत गेला. ओली काच वाळावी तसा.

पुढचं लांबण लावत नाही. गाठ वाईट होती, पण लहान होती. काढून टाकली. सर्जन म्हणाला, "थोडे महिने उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो." आणि आता ऐका, आत कपबशांचा आवाज येतोय ना? तो मला किती गोड लागतो ते मी कुणाला सांगू शकत नाही. ते कप फोडतात, दूध उतू घालतात, मी एक शब्द बोलत नाही. पूर्वीची मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मी सुरुवातीला पुसून टाकलेले सगळे फोटो पुन्हा उघडले. कुठे कुठे डाग होता ते आठवत आठवत वाचले, दवाखान्यांना फोन केले. बहुतेकांना वेळेत गाठता आलं. तेव्हापासून सकाळी यंत्र चालू केलं की आधी हात जोडते. बाई हयात असताना त्यांचे आभार मानायची आमची छाती नव्हती. आता रोज मानते. भूत म्हणा, भास म्हणा, माझं कुंकू त्या अंगठ्यानं राखलं. मला त्याची भीती वाटत नाही, आणि हा स्क्रीन मी जिवंत असेपर्यंत बदलणार नाही.

'होऊन-जाईल' मात्र त्यानंतर आला नाही. प्रिंटर बिघडला तसे मी त्याला खूप फोन केले. मास्तर दुकानापर्यंत जाऊन आले, तर शटर खाली. शेजारचा म्हणाला, आजारी आहे, बरेच दिवस झाले. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

तेव्हा तो डाग असू द्या. मला फक्त एवढं सांगा, तो कुणाच्या फोटोवर पाहिलात? मला आजचा तो वाचायलाच हवा...

फोटो नव्हता?

नाही, असं कसं... मी यंत्र चालू ठेवूनच... थांबा. प्रिंटरसाठी तुम्हीच सगळं बंद करायला लावलंत. खरंच की. म्हणजे तुम्ही बसलात तेव्हा स्क्रीन बंद होता. काळी काच. आणि काळ्या काचेत दिसतं काय... समोर बसलेला माणूस.

त्यानेही बंदच काच पुसली होती हो...

नाही, उठू नका. मघाशी बसला होतात तसेच बसा. दिवा मी धरते. मी तुमच्या खांद्यामागून बघते... हं. हा तुमचा शर्ट. हा खिसा, खिशातलं पेन. आणि हा... उजवीकडे, गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाखाली. रेघ दिसतेय तुम्हाला? तिरकी?

जरा खुर्ची डावीकडे सरकवा. अजून थोडी.

...

हात खाली घ्या. पुसायचं नाही.

घाबरू नका. माझ्याकडे बघा. ज्याच्या छातीवरचा अंगठा पुसला गेला नाही, तो माणूस आत तुमच्यासाठी चहा गाळतोय, हे लक्षात ठेवा. चहा घ्या, घरी फोन करा, की उशीर होईल. मग आपण तिघं निघू. वाटेत 'होऊन-जाईल'चं घरही शोधायचंय मला. तुमचा फोटो आजच काढून घेऊ. तो दुसऱ्या कुणाकडे पाठवायची गरज नाही. इथेच आणू, याच काचेवर लावू.

आम्ही दोघी वाचू.