निळ्या थरातली विहीर

१९९८ च्या मे महिन्यात माझी भाची मंगल लग्न होऊन कड्याला गेली, आणि माझी बहीण रतनबाई एकटी पडली. ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारं आणि एक मोळ्या बांधणारं. नवरा वारल्यापासून रतन लेकीला जोडीला घेऊन फडात जायची. लेक सासरी गेल्यावर मुकादमानं तिला सांगून टाकलं, अर्धा कोयता कुणी घेत नाही.

मी बीडला राहतो. तीस वर्षं मोजणीचा टेप धरला. आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा माझ्या मुलीनं, शिवकन्येनं, मला सेहेचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकवलं. पुढे ती औरंगाबादला कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं, शिकून आली आणि आमच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर बसला. मी मापं आणायची, तिनं नकाशा करायचा.

तिचा नकाशा मी रंगांवरून ओळखायचो. तलम कागद एकावर एक ठेवावेत तसे त्यात थर असतात, त्यांना लेयर म्हणतात. भिंती तांबड्या, खांब पिवळे, पाण्याचं सगळं निळं. छापायच्या पानावर ती चौकटी काढायची, ते व्ह्यूपोर्ट. खिडक्याच त्या. एकीतून सगळा प्लॉट दिसे, दुसरीतून एकच खोली मोठी करून. कुठल्या खिडकीत कुठला थर दाखवायचा आणि कुठला गोठवायचा, हे तिच्या हातात असे. गोठवलेला थर फाईलमध्ये राहतो, पण त्या खिडकीत उमटत नाही.

त्याच ९८ साली शिरूर कासारला बंकट नावाच्या माणसाच्या संस्थेनं ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी वसतिगृह काढायचं ठरवलं. प्लॉट मी मोजला. एका ठिकाणी टाच आपटली तर आवाज पोकळ आला. माती उकरली तर दगडी कडा लागली. बुजवलेली विहीर, अठरा फूट रुंद. मापं घेऊन वहीत लिहिली.

बंकट मागंच उभा होता. म्हणाला, "बबनराव, ती बुजवून लई वर्षं झाली. कागदावर दिसली की साहेब मंजुरी अडवणार. दुसरी जागा हाय कुठं?" मी टेप गुंडाळत होतो. मग तो सहज म्हणाला, "सैपाकाला बाई लागंल. तुमची बहीण रिकामीच हाय ना?"

घरी येऊन मी शिवकन्येला विहीर काढून टाकायला सांगितलं. तिनं माऊसवरचा हात उचलला.

"अण्णा, मोजलेलं पुसायचं न्हाई, हे तुमीच शिकवलं मला."

"पुसू नको," मी म्हणालो. "दिसू देऊ नको."

मग तिनं निळा थर सगळ्या खिडक्यांत गोठवला. यादीत त्याच्यापुढं बर्फाच्या फुलासारखी खूण आली. नकाशा मंजूर झाला.

१९९९ च्या दिवाळीनंतर वसतिगृह सुरू झालं. स्वयंपाकघर चोवीस फूट लांब, त्याच्या एका टोकाला धान्याची कोठी. विहीर त्या कोठीखाली येत होती. रतन चाळीस पोरांचं रांधायची. मी गेलो की पोरांना सांगायची, "ह्यो माझा दादा. म्हातारपणी पाटी घेऊन शाळंत गेलता, लेकीचा मार खायला." इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

जानेवारीत बांधकाम पूर्ण झाल्याचा नकाशा द्यायचा होता. सात तारखेला शिवकन्येनं पहिली प्रत छापली. स्वयंपाकघराच्या खिडकीत कोठीच्या भिंतीपाशी निळी कमान उमटली होती. विहिरीचा काठ. काठापासून एक बारीक रेघ निघून चुलीजवळच्या फुलीपर्यंत गेली होती. रेघेवर माप होतं, चौदा फूट.

"ही फुली तू घातलीस?"

"न्हाई." तिनं यादी उघडली. थर गोठलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं नवं पान केलं, खिडकी नव्यानं काढली. माप अकरा फूट आलं. सोमवारी सात. मला वाटलं, भराव खचतोय आणि विहीर चुलीकडे पसरत चालली आहे. नकाशाला ते कसं कळावं, हा विचार मी लांब ठेवला.

मंगळवारी मी शिरूरला गेलो. फरशी ठोकून पाहिली. कुठं तडा नाही, पोकळ आवाज नाही. चूल विटांचीच होती. ती कोठीपासून लांब, पार दुसऱ्या टोकाला नेऊन मांडली.

"कावून रे दादा?" रतननं विचारलं.

"धूर कोंडतो इथं."

"धुराला काय भ्यायचं." तिनं तांदळाचं सूप उचललं आणि कोठीच्या दारापाशी जाऊन बसली. "मी निवडायला हितंच बसते. फरशी लई गार हाय. फडात भाजलेल्या टाचा हायेत माझ्या, बरं वाटतं."

खाली काय आहे ते मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती त्याच पावली उठली असती. पण मग कुठं गेली असती? आणि मंजुरीच्या कागदावर शिवकन्येची सही होती. मी चहा घेतला आणि चारच्या एसटीनं परतलो.

बुधवारी सकाळी सातला शिवकन्येनं पुन्हा प्रत काढली. नवी चूल तिनं दूरच्या कोपऱ्यात दाखवली होती. माप दोन फूट होतं.

मी चारही प्रती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. मागून ऊन आलं. भिंती भिंतींवर बसल्या. विहिरीचा काठ काठावर बसला. तो केसभरही हलला नव्हता.

फुली हलत होती. चार फुल्या एका ओळीत, चुलीच्या जुन्या जागेपासून कोठीच्या दारापर्यंत.

"अण्णा," शिवकन्या म्हणाली, "ही फुली चुलीची न्हाई."

वसतिगृहात फोन नव्हता. मी मिळाली ती गाडी पकडली.

पोचलो तेव्हा पोरं ताटल्या घेऊन अंगणात उभी होती.

रतन कोठीच्या आत पालथी पडली होती. फरशी कोरडी होती. सूप दारापाशी नीट ठेवलं होतं, निवडलेले तांदूळ एका बाजूला, खडे एका बाजूला.

तिचं लुगडं निथळत होतं. केसांत शेवाळ होतं.

चार दिवस गावात टँकर आला नव्हता. रांजणाच्या तळाशी तांब्याभर पाणी होतं.

टेप माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही.

डॉक्टरांनी कागदावर हृदयविकार लिहिला. मला वाचता येत होतं. वाचून मी खाली सही केली.

तेरावं झाल्यावर शिवकन्येनं फाईल उघडली. निळा थर गोठलेला होता. नवी प्रत स्वच्छ आली, काठ नाही, रेघ नाही. मग माझ्यादेखत तिनं थर मोकळा केला. विहीर जागच्या जागी होती, अठरा फूट. फुली विहिरीच्या आत होती. ती प्रत तिनं छापली नाही.

माझी धाकटी बहीण रतनबाई १२ जानेवारी २००० रोजी, बुधवारी, सकाळी नवाच्या सुमारास, शिरूर कासारला कोरड्या फरशीवर बुडून वारली.